एका आक्षेपाची फलश्रुति

शास्त्राच्या इतिहासांत सिद्धान्त मांडणाऱ्यांचीं नांवें राहतात; आक्षेप घेणाऱ्यांस बहुधा पराभूतांच्या पंक्तींत बसविण्यांत येतें. परंतु कांहीं आक्षेप असे असतात कीं, ज्या मताच्या समर्थनार्थ ते घेतलेले असतात तें मत टिकत नाहीं, आणि तरीहि त्यांच्या पोटीं नवी विद्या जन्मास येते. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन या तिघांनीं १९३५ च्या मे महिन्यांत प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध केलेला चार पृष्ठांचा निबंध हा अशांपैकींच होय.

पुंजयामिकीचीं भाकितें खोटीं आहेत असें त्यांचें म्हणणें नव्हतें. तिनें केलेलें सृष्टीचें वर्णन अपुरें आहे, एवढाच त्यांचा आरोप होता. एकदां एकत्र आलेले दोन कण कितीहि दूर गेले, तरी एकाचें मापन करतांच दुसऱ्याविषयीं निश्चित सांगतां येतें, असें तिचें गणित म्हणे. दूरच्या कणास तर कोणीं स्पर्शहि केलेला नसतो! तेव्हां त्याचें उत्तर त्याच्याजवळ आधींपासूनच असलें पाहिजे, आणि शास्त्रास तें सांगतां येत नसेल तर उणीव शास्त्राची, असा हा युक्तिवाद होता. नील्स बोर यांनीं त्याच वर्षीं त्यास उत्तर दिलें. श्रोडिंगर यांनीं या विलक्षण संबंधास जें नांव दिलें, त्यास मराठींत ‘गुंता’ म्हणतां येईल. पुढें बहुतेक शास्त्रज्ञ आपापल्या उपयुक्त गणितांत गढून गेले, व हा वाद केवळ तत्त्वचर्चेचा म्हणून बाजूस पडला.

त्यास प्रयोगशाळेच्या दारीं आणण्याचें श्रेय बेलफास्ट येथें जन्मलेल्या जॉन बेल यांचें. लाल व निळी अशा दोन चिठ्ठ्या पाकिटांत घालून दोन गांवीं पाठविल्या, तर एक पाकीट फोडतांच दुसऱ्यांतील रंग कळतो. यांत नवल नाहीं. कणांचें गूढ इतकेंच असेल, तर निरनिराळ्या दिशांनीं केलेल्या मापनांच्या परस्परमेळास एक मर्यादा पडते, हें बेल यांनीं १९६४ सालीं दाखविलें. त्यांच्या विचारास १९६९ सालीं प्रयोगानुकूल रूप मिळालें. त्यांत ही मर्यादा २ आहे. पुंजयामिकीप्रमाणें मात्र तो आंकडा सुमारें २.८३ पर्यंत चढतो. १९७२ सालीं क्लाउझर व फ्रीडमन यांनीं कॅलिफोर्नियांत, आणि १९८२ सालीं आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फ्रान्समध्यें प्रकाशकणांवर प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. चिठ्ठी आधींच लिहिलेली असते, आणि दूरच्या मापनाचा तिच्यावर परिणाम होत नाहीं, हीं दोन्ही मतें एकत्र धरतां येईनात.

येथून या कथेस अनपेक्षित वळण लागलें. ज्यास दोष म्हणून बोट दाखविलें होतें, तेंच साधन झालें. १९९१ सालीं ऑक्सफर्ड येथें आर्टुर एकर्ट यांनीं गुंतलेल्या कणांपासून गुप्तलेखनाची किल्ली तयार करण्याची रीति सांगितली. कोणी हेरानें वाटेंत मापन केलें तर कणांचा मेळ बिघडतो, बेल यांचा आंकडा खालीं येतो, आणि चोरी उघडकीस येते. १९९३ सालीं बेनेट व त्यांच्या पांच सहकाऱ्यांनीं एका कणाची अज्ञात अवस्था दूरच्या कणावर उतरविण्याची युक्ति मांडली. १९९७ सालीं त्सायलिंगर यांच्या मंडळीनें ती इन्सब्रुक येथें प्रकाशकणांवर करून दाखविली. यांत पदार्थ प्रवास करीत नाहीं. शिवाय साधा निरोप पोंचल्यावांचून काम पुरें होत नसल्यानें, प्रकाशाहून शीघ्र वार्ता धाडणें यायोगें साधत नाहीं. २०१७ सालीं चीनच्या उपग्रहानें सुमारें १२०० किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणीं गुंतलेले कण पोंचविले. २०२२ सालीं क्लाउझर, आस्पे व त्सायलिंगर यांस नोबेल पारितोषिक मिळालें. बेल मात्र १९९० सालींच निवर्तले होते.

प्रत्येक विद्येस ‘हिचा उपयोग काय?’ असें विचारण्याची आपणां संसारी माणसांस संवय असते. १९३५ च्या त्या निबंधास असें कोणीं विचारलें असतें, तर एकर्ट यांच्या कृतीपर्यंत, म्हणजे ५६ वर्षें, सांगण्याजोगें उत्तर कोणापाशींहि नव्हतें. घरांतील एखादें मूल निरुपयोगी वाटणारा प्रश्न धरून बसलें, तर वाचकांनीं हा आंकडा आठवावा.