शोळिंगनल्लूर ते निशी-कासाई : जपानमध्ये काम करणाऱ्या भारतीय तरुणांचे दैनंदिन जीवन

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गावर वसलेले शोळिंगनल्लूर हे एकेकाळी बकिंगहॅम कालवा आणि पळ्ळिकरणैची पाणथळ यांच्यामधले एक गाव होते. पुढे या मार्गावर माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले उभी राहिली, ‘एल्कॉट’चे विशेष आर्थिक क्षेत्र आले आणि २०११ मध्ये हा भाग चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाला. अमेरिकी ग्राहकांमुळे या परिसराला रात्रपाळीची सवय आहे. जपानी ग्राहकांचे काम करणाऱ्यांचे वेळापत्रक मात्र नेमके उलटे असते. जपानची वेळ भारतापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने टोकियोत सकाळचे नऊ वाजतात, तेव्हा चेन्नईत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात.

या कामातूनच जपानला जाणाऱ्या तरुणांचा एक वर्ग तयार झाला. जपानी उद्योगात त्याला ‘ब्रिज एस. ई.’ म्हणजे दुवा साधणारा अभियंता म्हणतात. ग्राहकाच्या कार्यालयात बसून त्याची गरज जपानीत समजून घ्यावयाची आणि ती चेन्नई, पुणे किंवा बंगळूरु येथील सहकाऱ्यांना समजावून सांगावयाची, हे त्याचे काम. वरवर ते तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग भाषांतराचाच असतो.

भारतीय अभियंते लक्षणीय संख्येने जपानला जाऊ लागले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, संगणकांतील ‘वायटूके’ समस्येच्या निमित्ताने. ऑगस्ट २००० मध्ये जपानचे तत्कालीन पंतप्रधान योशिरो मोरी यांनी भारतभेटीत बंगळूरुलाही भेट दिली आणि माहिती तंत्रज्ञानातील सहकार्याला राजकीय पाठबळ मिळाले. तरीही ही संख्या मर्यादितच राहिली. २०२४ अखेर जपानमध्ये सुमारे ३७ लाख ६९ हजार परदेशी नागरिक राहत होते. त्यांत भारतीय ५० हजारांहून थोडे अधिक होते.

भाषेची तयारी बहुधा भारतातच सुरू होते. चेन्नईत एबीके-एओटीएस दोसोकाई ही संस्था जपानी शिकविते, तर महाराष्ट्रात पुणे हे या भाषेचे जुने केंद्र आहे. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ पासून घेतली जाते. २०१० पासून तिच्या पाच पातळ्या असून एन-५ ही सर्वांत सोपी, तर एन-१ सर्वांत अवघड आहे. मराठी वा तमिळ भाषकाला जपानी वाक्यरचना फारशी परकी वाटत नाही. तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीदर्शक प्रत्यय नामानंतर लागतात. सुसुमु ओनो (१९१९–२००८) या जपानी भाषातज्ज्ञाने तर जपानी व तमिळ यांचे नातेच मांडले होते. बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलेले नाही. खरी अडचण लिपीची आणि आदरार्थी रूपांची असते.

दुसरी अडचण स्वतःच्या नावाची. जपानी अर्जात आडनाव व नाव असे दोन रकाने असतात. अनेक तमिळ व्यक्तींना आडनावच नसते. वडिलांच्या नावाचे आद्याक्षर आडनावाच्या रकान्यात लिहावे, तर ते बँकेच्या आणि पारपत्राच्या नोंदींशी जुळत नाही. मराठी माणसाजवळ आडनाव असते, पण ‘काताकाना’ लिपीत ‘कुलकर्णी’चे ‘कुरुकारुनि’ होते. खाते उघडताना, दूरध्वनी जोडणी घेताना हे नाव प्रत्येक ठिकाणी हुबेहूब तसेच लिहावे लागते. स्वाक्षरीऐवजी नावाचा शिक्का, अर्थात ‘हांको’, उमटविण्याची प्रथाही नवागताला चकित करते. २०२० पासून सरकारी कामातील शिक्क्यांची सक्ती मोठ्या प्रमाणावर कमी करण्यात आली आहे.

कार्यालयात ‘होरेन्सो’ हा शब्द लवकरच कानी पडतो. अहवाल देणे, कळविणे आणि सल्ला घेणे या अर्थाच्या तीन जपानी शब्दांच्या आद्याक्षरांतून तो बनला आहे. पालकाच्या भाजीलाही जपानीत हाच शब्द असल्याने तो लक्षात राहतो. काम अर्धवट असतानाच कितपत झाले ते सांगणे येथे अपेक्षित असते. काम पूर्ण करूनच वरिष्ठांसमोर जावे, असे वळण लागलेल्या तरुणाच्या मौनाचा अर्थ बेफिकिरी असा लावला जाऊ शकतो. उलट बाजूनेही गैरसमज होतात. जपानी ‘हाइ’ म्हणजे होकार असे शब्दकोश सांगतो; बैठकीत मात्र तो बहुधा आपल्या ‘हं’सारखा, ‘ऐकतो आहे’ एवढ्याच अर्थाचा असतो. ‘विचार करू’ हे उत्तर पुष्कळदा सौम्य नकार असते. हा नकार ओळखता आला नाही, तर शोळिंगनल्लूरमधील पूर्ण गटाचे आठवड्याचे श्रम वाया जातात.

कचेरी सुटल्यावर प्रश्न येतो घराचा. खासगी घरासाठी अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ ही घरमालकाला कृतज्ञतेपोटी द्यावयाची, परत न मिळणारी रक्कम आणि हमीदार किंवा हमी देणारी कंपनी लागते. परदेशी भाडेकरूला नकार देणारे घरमालकही आहेत. सार्वजनिक ‘यूआर’ गृहसंस्थेच्या सदनिकांना रेइकिन नाही व हमीदारही नाही. टोकियोच्या पूर्वेकडील एदोगावा प्रभागात, निशी-कासाई परिसरात भारतीय कुटुंबे एकवटण्यामागे हे एक कारण आहे; वित्तीय कंपन्यांच्या ओतेमाची भागात येथून थेट भुयारी रेल्वे जाते, हे दुसरे. याच प्रभागाच्या सभेवर एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातून जपानला गेलेले व जपानी नागरिकत्व घेतलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

घर मिळाले की कचऱ्याचे वेळापत्रक हाती येते. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, बाटल्या असे वर्गीकरण आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. पिशवी चुकली, तर ती कारण लिहिलेल्या चिठ्ठीसह तेथेच ठेवली जाते आणि शेजाऱ्यांना ती दिसते. दंडापेक्षा ही शरम अधिक परिणामकारक असावी. शाकाहारी व्यक्तीची कसोटी निराळी. भाज्यांच्या पदार्थातही ‘दाशी’, म्हणजे बहुधा सुकविलेल्या मासळीचा अर्क असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मासळी व तिचा अर्क यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो.

भूकंपाचा सराव हा तेथील जीवनाचा नेहमीचा भाग आहे. ११ मार्च २०११ रोजी ९.० तीव्रतेचा भूकंप व त्सुनामी आली. फुकुशिमा अणुप्रकल्पातील दुर्घटनेनंतर अनेक परदेशी कुटुंबे तात्पुरती मायदेशी परतली. सूचना मुख्यतः जपानीत प्रसारित होत असल्याने भाषा येणारा आणि न येणारा यांच्यातील अंतर त्या दिवसांत विशेष जाणवले.

अभियंत्यांपेक्षा वेगळी स्थिती अल्पकुशल कामगारांची आहे. तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेबाबत भारत व जपान यांच्यात ऑक्टोबर २०१७ मध्ये सहकार्य करार झाला, तर ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्यवस्थेबाबतचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. या व्यवस्थेच्या पहिल्या श्रेणीत पाच वर्षांपर्यंत काम करता येते. कुटुंब मात्र नेता येत नाही. प्रशिक्षणार्थी योजनेवर कर्जबाजारीपणा व नोकरी बदलण्यावरील निर्बंध यांमुळे दीर्घकाळ टीका झाली. २०२४ मध्ये जपानच्या संसदेने ती मोडीत काढून २०२७ पासून नवी व्यवस्था आणण्याचा कायदा संमत केला. ऑगस्ट २०२५ मध्ये उभय देशांनी पाच वर्षांत ५० हजार भारतीय कुशल व अर्धकुशल मनुष्यबळ जपानला पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

जाणाऱ्याने करारपत्र सही करण्यापूर्वी वाचून घेणे अत्यावश्यक आहे. नोकरी सोडल्यास ठरावीक दंड भरावा लागेल, अशी अट जपानच्या श्रम मानक कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार घालता येत नाही. प्रशिक्षणार्थ्याचे पारपत्र मालकाने ताब्यात ठेवण्यासही कायद्याने मनाई आहे. निवृत्तिवेतनाच्या दुहेरी वर्गणीचा प्रश्नही मोठा होता. १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा करारानुसार, भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठविलेल्या कर्मचाऱ्याला जपानमधील वर्गणीतून सूट मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र भारतातील भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून निघण्यापूर्वीच घ्यावे लागते. जपानी कंपनीने थेट नेमलेल्यास ही सूट नाही. त्याला जपान सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करून ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम परत मागता येते.