वेब कॅशे म्हणजे काय? डेटा वाचतो तो कसा?

इंटरनेटवरून एकदा आलेल्या फाइलची प्रत जवळच ठेवायची आणि ती पुन्हा लागली की तीच वापरायची, याला वेब कॅशे म्हणतात. दूरच्या सर्व्हरपर्यंतची खेप वाचते, पान पटकन उघडतं.

बडोद्याला ही कल्पना अनोळखी नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० पासून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्या गावोगाव जात, म्हणजे पुस्तकासाठी वाचकाला शहर गाठावं लागत नसे. कॅशेचं तत्त्व हेच.

हिशोब

समजा, अलकापुरीतल्या एका ऑफिसात २० संगणक आहेत. प्रत्येकाने ५०० एमबीचं तेच अपडेट वेगळं उतरवलं तर लाइनवर १० जीबीचा भार पडतो. एकाने उतरवून बाकीच्यांना दिलं, तर बाहेरून येतात फक्त ५०० एमबी. विंडोज १० आणि ११ मधली ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही सोय असंच काम करते.

प्रत कुठे असते?

पहिली जागा तुमचा ब्राउझर. दुसरी, ऑफिस किंवा कॉलेजातला प्रॉक्सी सर्व्हर. १९९६ पासूनचं ‘स्क्विड’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध आहे. मात्र आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत. त्यांचा मजकूर कुलूपबंद येतो, त्यामुळे मधल्या प्रॉक्सीला तो सहसा साठवता येत नाही. तिसरी जागा सीडीएन, म्हणजे साइटसाठी ठिकठिकाणी ठेवलेले सर्व्हर.

प्रत शिळी झाली तर?

प्रत किती वेळ चालेल हे साइट ठरवते. ‘मॅक्स-एज’ ८६,४०० सेकंद असेल तर एक दिवस. मुदत संपली की ब्राउझर विचारतो, ‘काही बदललंय का?’ बदल नसेल तर सर्व्हर फक्त ‘३०४’ हे उत्तर देतो; अख्खी फाइल पुन्हा येत नाही. बँकेच्या खात्यासारख्या खासगी पानांवर ‘नो-स्टोअर’ असायला हवं, म्हणजे प्रत राहतच नाही.

काय करावं?

• रोज कॅशे साफ करू नका. तोच डेटा पुन्हा खर्च होतो.
• निकाल किंवा यादी जुनीच दिसत असेल तर संगणकावर कंट्रोल आणि एफ५ एकत्र दाबा. बहुतेक ब्राउझर पान नव्याने आणतात.
• सायबर कॅफेत मात्र उठण्यापूर्वी लॉगआउट करून कॅशे, कुकीज आणि हिस्टरी नक्की पुसा.