सुपर बोल ४८ : डेन्व्हर ब्राँकोजचा पराभव

अमेरिकन फुटबॉलमधील नॅशनल फुटबॉल लीगच्या २०१३ च्या मोसमाचा अंतिम सामना. २ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यू जर्सी राज्यातील ईस्ट रदरफर्ड येथे मेटलाइफ स्टेडियमवर तो खेळला गेला. सिअ‍ॅटल सीहॉक्सने डेन्व्हर ब्राँकोजचा ४३–८ असा धुव्वा उडवला. सुपर बोलच्या इतिहासात याहून मोठ्या फरकाचे दोनच निकाल आहेत. या सामन्याची आठवण निघते ती बहुधा पहिल्याच चेंडूवरच्या गोंधळामुळे. पण डेन्व्हरच्या हाराकिरीचे खरे कारण दुसरे होते : चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याच्यावर सिअ‍ॅटलने सतत ठेवलेला दाब, आणि त्या दाबापुढे मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्स यांनी घेतलेला आखडता हात.

या खेळात चेंडू हाती असलेल्या संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीला डाऊन म्हणतात. तीन संधी वाया गेल्या की बहुतेक संघ चौथ्या डाऊनला चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतात, हा पंट. निदान प्रतिस्पर्ध्याला चढाई दुरून सुरू करावी लागावी, एवढाच त्यामागचा हिशेब असतो. चौथ्या डाऊनला खेळायचे की पंट करायचा, हा निर्णय मुख्य प्रशिक्षकाचा. त्याच्या स्वभावाची पारख इथेच होते.

डेन्व्हरच्या आक्रमणाने त्या मोसमात सारे विक्रम मोडले होते. १६ साखळी सामन्यांत ६०६ गुण. ६०० चा आकडा तोवर कोणत्याही संघाने गाठला नव्हता. मॅनिंगने ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाऊन पास फेकले होते आणि अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळीच त्याला मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचा मान पाचव्यांदा मिळाला होता. समोर सिअ‍ॅटलची बचावफळी होती. लीगमध्ये सर्वांत कमी गुण आणि सर्वांत कमी यार्ड तिने दिले होते, आणि चेंडू हिसकावण्यातही तीच पहिली होती. आक्रमण विरुद्ध बचाव अशी इतकी निखळ लढत अंतिम सामन्यात क्वचितच जुळून येते.

डेन्व्हरची पहिली चढाई स्वतःच्या १४ यार्डांच्या रेषेवरून सुरू व्हायची होती. प्रेक्षकांचा गलका एवढा, की मॅनिंग इशारा बदलण्यासाठी पुढे चालत आला असतानाच सेंटर मॅनी रामिरेझने चेंडू मागे दिला. चेंडू मॅनिंगच्या डोक्याजवळून थेट गोलक्षेत्रात गेला. डेन्व्हरच्या नोशॉन मोरेनोने त्यावर झडप घातली म्हणून टचडाऊन टळला, पण चेंडू आपल्याच गोलक्षेत्रात अडकल्याने सेफ्टीचे दोन गुण सिअ‍ॅटलला मिळाले. खेळ सुरू होऊन १२ सेकंद झाले होते. सुपर बोलमध्ये इतक्या लवकर गुण कधीच नोंदले गेले नव्हते.

हा अपशकुनच निर्णायक ठरला, असे म्हणणे डेन्व्हरच्या सोयीचे आहे, पण ते पटत नाही. त्यानंतर डेन्व्हरच्या बचावफळीने सिअ‍ॅटलला दोनदा फील्ड गोलवर थोपवले आणि पहिले सत्र संपताना गुण ८–० एवढेच होते. त्या मोसमातल्या डेन्व्हरला आठ गुणांचे ओझे वाटायचे कारण नव्हते. खरी चिंता वेगळीच होती. पहिल्या पंधरा मिनिटांत मॅनिंगच्या संघाला एकही फर्स्ट डाऊन, म्हणजे १० यार्ड पार करून मिळणारी नवी संधी, मिळाला नव्हता.

मॅनिंग चेंडू हातात फार वेळ ठेवत नसे. त्यामुळे जादा गडी पाठवून त्याच्यावर चाल करणाऱ्या संघांची फसगत होई. गडी पोहोचेपर्यंत चेंडू सुटलेला असे आणि मागे मोकळी जागा पडलेली असे. साखळीच्या १६ सामन्यांत तो फक्त १८ वेळा चेंडूसह खाली पाडला गेला होता. सिअ‍ॅटलचे मुख्य प्रशिक्षक पीट कॅरोल आणि बचावाचे सूत्रधार डॅन क्विन यांनी तो मोह टाळला. क्लिफ अ‍ॅव्हरिल, मायकल बेनेट, ख्रिस क्लेमन्स अशा ताज्या दमाच्या गड्यांना आलटून पालटून उतरवत त्यांनी बहुतेक वेळ चौघांनाच पुढे धाडले. उरलेले सात जण मागे थांबले, तेही पाठ फिरवून पळत नव्हते, तर मॅनिंगच्या डोळ्यांकडे पाहत उभे होते. डेन्व्हरचा भरवशाचा डावा टॅकल रायन क्लेडी सप्टेंबरपासूनच जायबंदी होता. चौघांचा दाब मॅनिंगपुढच्या पाच रक्षकांना आवरेना, तेव्हा मॅनिंगपुढे आखूड पासखेरीज पर्याय उरला नाही. असाच एक आखूड पास झेलून डेन्व्हरचा डेमेरियस थॉमस मैदान आडवे कापत असताना सिअ‍ॅटलच्या कॅम चान्सलरने त्याला असा दणका दिला, की त्या पासमागे किती किंमत मोजावी लागणार हे साऱ्या मैदानाला कळले.

आकडेवारी वरवर पाहिली तर फसायला होते. मॅनिंगने ४९ पैकी ३४ पास पूर्ण केले. तो त्यावेळचा सुपर बोलचा विक्रम होता. थॉमसचे १३ झेलही विक्रमीच. मॅनिंग खाली पाडला गेला तो एकदाच. पण त्या ३४ पासमधून निघाले २८० यार्ड, म्हणजे पूर्ण झालेल्या एका पासमागे आठ यार्डांहून थोडे अधिक. साखळीत हेच प्रमाण बारा यार्डांचे होते. दाब किती होता हे पाहायचे तर दुसऱ्या सत्रातला एक चेंडू पुरे. मॅनिंग फेकत असतानाच अ‍ॅव्हरिलने त्याच्या हाताला धक्का दिला, चेंडू हवेत तरंगला, माल्कम स्मिथने तो अलगद टिपला आणि ६९ यार्ड धावत टचडाऊन केला. २२–०. सामनावीराचा मानही स्मिथलाच मिळाला.

मध्यंतराच्या थोडे आधी, चौथ्या डाऊनला दोन यार्ड हवे असताना, फॉक्स यांनी सिअ‍ॅटलच्या १९ यार्डांवर खेळण्याचा निर्णय घेतला, हे न्यायाने नोंदवले पाहिजे. तो पास हुकला. मध्यंतरानंतर मात्र त्यांनी कच खाल्ली. सिअ‍ॅटलच्या पर्सी हार्विनला धावायची संधी मिळू नये म्हणून किकऑफ मुद्दाम आखूड मारण्यात आला. तोच चेंडू हार्विनने उचलला आणि ८७ यार्ड धावून टचडाऊन केला. पुन्हा १२ सेकंद, आणि २९–०. यानंतर डेन्व्हरने सिअ‍ॅटलच्या ३९ यार्डांपर्यंत मजल मारली. चौथा डाऊन, ११ यार्ड बाकी. फॉक्स यांनी पंट करायला सांगितले.

विक्रमी आक्रमण असलेला संघ २९ गुणांनी मागे, प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत, आणि तो आपण होऊन चेंडू सोडून देतो. ११ यार्ड मिळणे अवघड होते, हे मान्य. पण दोन टचडाऊन करूनही डेन्व्हर मागेच राहणार होता. मग वीस-पंचवीस यार्डांच्या फायद्याला अर्थ काय? त्या पंटमुळे सामना गेला असे कोणी म्हणणार नाही. तो त्याआधीच हातातून निसटत चालला होता. पण आपल्या खेळाडूंना त्या क्षणी प्रशिक्षकाने काय सांगितले, ते त्या पंटमध्ये आहे, आणि म्हणूनच तो माफ करता येत नाही. थॉमसने पुढच्या चढाईत झेल घेऊन चेंडू गमावला, सिअ‍ॅटलने गुण ३६–० वर नेले, आणि डेन्व्हरचा एकमेव टचडाऊन आला तो तिसऱ्या सत्राच्या अखेरच्या चेंडूवर.

फॉक्स यांची ही पहिलीच वेळ नव्हती. १२ जानेवारी २०१३ रोजी बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्धच्या बाद सामन्यात ३५–३५ अशी बरोबरी होती, ३१ सेकंद उरले होते आणि दोन टाइमआउट शिल्लक होते. त्यांनी चढाई न करता मॅनिंगला गुडघा टेकवून वेळ संपवायला लावला आणि सामना जादा वेळात नेला. डेन्व्हर तो सामना ३८–३५ असा हरला.

संघाचे सूत्रधार जॉन एल्वे यांना अशा मानहानीची चव नवी नव्हती. ते स्वतः क्वार्टरबॅक असताना डेन्व्हरने जानेवारी १९९० मध्ये सुपर बोल ५५–१० असा गमावला होता. त्यांनी रोग ओळखून इलाज केला. २०१४ मध्ये डीमार्कस वेअर, आकिब तालिब आणि टी. जे. वॉर्ड हे बचावपटू संघात आणले. जानेवारी २०१५ मध्ये फॉक्स पायउतार झाले आणि गॅरी क्युबिअ‍ॅक आले. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी सुपर बोल ५० मध्ये डेन्व्हरने कॅरोलायना पँथर्सला २४–१० असे हरवले. सिअ‍ॅटलविरुद्धच्या सामन्याला दुखापतीमुळे मुकलेल्या बचावपटू व्हॉन मिलरने कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याच्या हातून दोनदा चेंडू सोडवला आणि तो सामनावीर ठरला. मॅनिंगने त्या दिवशी जेमतेम १४१ यार्ड फेकले होते.