गोव्यात तीन-चार महिने राहायचंय? मग जेवण, बार आणि फुटबॉल असं शोधा

गोव्याला चार दिवस फिरायला जाणाऱ्यांसाठी रील्सची कमतरता नाही. अडचण होते ती वेर्ण्याच्या कंपनीत तीन महिन्यांचं काम लागलेल्यांची, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात शिकायला आलेल्यांची, किंवा लॅपटॉप घेऊन पावसाळाभर राहणाऱ्यांची. पहिला आठवडा शॅकवर जेवून खिसा रिकामा होतो, दुसऱ्या आठवड्यात माणूस पार्सलवर येतो आणि महिनाभरात "इथं सगळं पर्यटकांसाठीच आहे" असं ठरवून रूमवर बसतो.

हे मत का होतं ते कळतं. आपण गोव्यात 'कुठे' एवढंच शोधतो. गोवेकर मात्र 'कधी' हेही बघतो. तेच दुकान सकाळी आठला गजबजलेलं असतं आणि दुपारी तीनला कुलूपबंद. तीच थाळी मार्चमध्ये वेगळी आणि जूनमध्ये वेगळी. हे घड्याळ आणि कॅलेंडर कळलं की निम्मं काम झालं.

आधी पोटाचं बघू

सकाळी आणि संध्याकाळी गल्लीत सायकलचा भोंगा वाजला की समजायचं, पोदेर आला. पोदेर म्हणजे पाववाला. त्याच्या टोपलीत साधा पाव, कडक कवचाचा उंडो, कोंड्याची पोळी (हिला 'पोई' म्हणतात, आपल्या पोळीशी तिचं नातं नावापुरतंच) आणि बांगडीसारखी कडक कांकणं असतात. नव्या ठिकाणी राहायला गेल्यावर शेजाऱ्यांना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच, की पोदेर किती वाजता येतो. ओळख होते आणि न्याहारीही सुटते.

ज्यांना बाहेर न्याहारी करायची आहे त्यांनी भाजी-पाव गाठावा. पणजीत कॅफे टाटो, कॅफे भोसले ही नावं कुणीही सांगेल. पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स असे प्रकार, सोबत मिरची भजी किंवा गोडसर बन. हा मुंबईचा पावभाजी नव्हे, तशी अपेक्षा ठेवलीत तर निराश व्हाल.

खरं जेवण दुपारचं. फिश थाळीची वेळ साधारण साडेबारा ते तीन. मासळी सकाळी बाजारात येते आणि थेट दुपारच्या पातेल्यात जाते, त्यामुळे रात्री त्याच खानावळीत थाळी मिळेलच असं नाही. थाळीत भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांचं किसमूर, एखादी भाजी आणि सोलकढी येते. तळलेला तुकडा बऱ्याच ठिकाणी वेगळा सांगावा लागतो आणि त्याचा दर माशावर ठरतो, म्हणून आधी विचारून घ्या. सुरमईला इथं इसवण म्हणतात, कोळंबीला सुंगटां, खेकड्यांना कुर्ल्यो. एवढे तीन शब्द आले तरी फळ्यावरचा मेनू वाचता येतो.

चांगली खानावळ ओळखायची सोपी खूण म्हणजे बाहेर उभ्या गाड्या. भाड्याने दिलेल्या गाड्यांची नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. दारात सगळ्या तशाच गाड्या दिसल्या तर पुढे चला. कोर्ट, बँक, सरकारी कचेरी किंवा बसस्टँडच्या मागची गल्ली बघा. तिथं रोज तीच माणसं जेवतात, त्यामुळे स्वयंपाक्याला रोज चांगलंच करावं लागतं.

सहा-सातनंतर गाडे लागतात. रॉस ऑम्लेट हा गाड्यावरचा राजा. ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस्सा, वर कांदा, लिंबू आणि पाव. महिनाअखेरीला याहून चांगलं जेवण शोधून सापडणार नाही.

आता कॅलेंडर. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरच्या मासेमारीवर बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. बाजार अगदी ओस पडत नाही. छोट्या होड्यांची, नदीतली आणि बाहेरच्या राज्यांतून आलेली मासळी असते, पण निवड कमी आणि दर चढे. गोवेकर याची तयारी मे महिन्यातच करतो. सुके बांगडे, सुकी सुंगटं, खारवलेली कैरी, आमसुलं यांची बेगमी करायची आणि पावसाळा काढायचा. या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. तुम्ही जूनमध्ये येणार असाल तर तुम्हीही सुक्या मासळीकडे वळा, गोठवलेल्या पापलेटवर पैसे घालवू नका. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलात तर चोरीस, म्हणजे गोव्याची सॉसेजेस, माळेसारखी टांगलेली दिसतील. पावात भरून ती पावसाळ्यात फार उपयोगी पडतात. श्रावणात आणि सोमवारी अनेक हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, चतुर्थीला बऱ्याच खानावळी काही दिवस बंद राहतात. हे लक्षात ठेवलं नाही तर गणपतीच्या दिवसांत बिस्किटांवर राहायची वेळ येते.

बार म्हणजे फक्त पार्टी नव्हे

गावातला बार छोटा असतो. चार बाकडी, एक कपाट, मालक स्वतः गल्ल्यावर. दुपारी एक ते चारच्या दरम्यान तो बंद असण्याची शक्यता जास्त, कारण मालक झोपलेला असतो.

मार्च ते मेमध्ये असाल तर हुर्राक विचारा. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक सौम्य असते, फार टिकत नाही, म्हणून हंगाम संपला की संपली. लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबू-सोडा घालून पितात. सौम्य लागते म्हणून ग्लासवर ग्लास रिचवणारे नवखे लोक संध्याकाळी दुचाकीवर बसायच्या लायकीचे राहत नाहीत. फेणी बरीच कडक, तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दक्षिण गोव्यात माडाची फेणीही मिळते. वास आवडला नाही तर लाजू नका, अनेक गोवेकरांनाही आवडत नाही.

तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. दारू पिण्याचं कायदेशीर वय इथं 21 आहे. किनाऱ्यावर उघड्यावर पिण्याला दंड आहे. आणि गोव्यातली स्वस्त बाटली गावी नेणं हा गुन्हा ठरू शकतो. बांद्याजवळच्या इन्सुलीला महाराष्ट्राचा उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो.

चौथी गोष्ट कायद्यातली नाही, पण मराठी माणसासाठी जास्त महत्त्वाची. बहुतेकांना मराठी कळते, बोललात तर उत्तरही मिळतं. पण बारमध्ये बसून "कोंकणी मराठीचीच बोली ना?" हा विषय काढू नका. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला होता आणि ती गोष्ट इथं कुणी विसरलेलं नाही. "कितें खबर?" एवढं विचारलंत तरी पुष्कळ.

फुटबॉल: क्रिकेट विसरा

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ आहे. 1883 मध्ये शिवोलीत विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्रींनी तो आणला असं सांगतात. पुढे धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स या क्लबांनी देशभरात दबदबा ठेवला. एकट्या धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा जिंकलं.

मोठी मॅच बघायची तर मडगावजवळचं फातोर्डा. एफसी गोवाचे घरचे सामने तिथं होतात, सुमारे 19,000 माणसं बसतात. हंगामाचं वेळापत्रक बदलत राहतं, त्यामुळे क्लबचं अधिकृत पान बघूनच बेत करा. खरी अडचण तिकिटाची नसून परतीची. सामना साडेसातला सुरू झाला तर संपायला साडेनऊ होतात आणि गोव्यात रात्री बस मिळणं अवघड. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. ऑफिसातला सोबती किंवा आधी ठरवलेली टॅक्सी हवीच.

मला विचाराल तर त्याहून जास्त मजा गोवा प्रोफेशनल लीगमध्ये आहे. म्हापशाचं धुळेर, वास्कोचं टिळक मैदान, उन्हं उतरताना सामना, कठड्याला टेकलेले म्हातारे आणि रेफरीला कोंकणीत पडणाऱ्या शिव्या. भात कापणी झाली की सासष्टीच्या गावांत वाड्या-वाड्यांच्या स्पर्धा रंगतात. त्यांची जाहिरात ऑनलाइन क्वचितच सापडते. चर्चजवळच्या भिंतीवर किंवा बारच्या दारावर पोस्टर लागतं.

टीव्हीवर बघायचं असेल तर वेळेचं गणित करा. हिवाळ्यात प्रीमियर लीगचे शनिवारचे सामने आपल्याकडे संध्याकाळी सहा, साडेआठ आणि रात्री अकराला लागतात. पहिले दोन बारमध्ये आरामात होतात. चॅम्पियन्स लीग मात्र त्या दिवसांत रात्री दीडला, तेव्हा गावचा बार कधीच बंद झालेला असतो. ते रूमवरच बघा.

खेळायचं असेल तर जवळच्या टर्फवर संध्याकाळी जाऊन "एक माणूस कमी आहे का?" विचारा. पाच-पाचच्या खेळात कुणीतरी नेहमीच गळालेला असतो. पैसे वाटून भरायचे, पुढच्या आठवड्यासाठी नंबर द्यायचा. खेळ संपल्यावर सगळे ज्या गाड्याकडे वळतील, तो गाडा लक्षात ठेवा.