पूर्णा जंक्शन : भोंग्यावर चालणारं गाव

गेल्या शनिवारी माळा आवरताना आजोबांचा पितळी बिल्ला सापडला. आजोबा पूर्णेला रेल्वेत फायरमन होते. बिल्ला हातात घेतल्यावर आवराआवरी राहिलीच. म्हटलं, चला, या वीकेंडला पूर्णेवरच लिहू.

आता थोडा इतिहास, जांभई आवरा :-)

परभणी जिल्ह्यातलं हे गाव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-मनमाड मीटरगेज लाइन इथून गेली. १९१२ साली हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा 'जंक्शन' झालं. पुढे तो फाटा अकोला-खांडव्याला जोडला गेला. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस याच मार्गाने धावायची.

वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी, कोळसा लागतो आणि माणसंही बदलावी लागतात. जंक्शनवर ही सगळी सोय हवी, म्हणजे माणसं तिथेच राहायला हवीत. मग क्वार्टर्स आल्या, पाठोपाठ नळ आणि दवाखाना. बाहेरगावच्या ड्रायव्हर-गार्डसाठी रनिंग रूम, करमणुकीला इन्स्टिट्यूट. तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी बोलणारी कुटुंबं एकाच रांगेत राहू लागली. आजी सांगायची, इडलीचं पीठ कसं आंबवायचं ते ती शेजारच्या तेलुगू काकूंकडून शिकली.

फोन नव्हते. ड्यूटी लागली की कॉल बॉय मध्यरात्री दार वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. आपल्या ऑन-कॉलचा हा पूर्वजच म्हणायचा की! घड्याळ नसलं तरी भोंग्यावर सगळ्यांचा दिवस चालायचा.

१९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. पाट्या बदलल्या, पण भोंगा तोच राहिला. खरा बदल नव्वदच्या दशकात झाला. मुख्य लाइन ब्रॉडगेज झाली आणि वाफेची इंजिनं देशभरातून गेली. २००८ मध्ये अकोल्याचा मार्गही ब्रॉडगेज झाला. गाड्या वाढल्या, प्रवास सोपा झाला, हे चांगलंच. पण डिझेल इंजिनाला कोळसा टाकणारा माणूस लागत नाही.

आजोबा त्याआधीच रिटायर झाले होते. नियमाप्रमाणे क्वार्टर सोडावी लागली. तीस वर्षं ज्या नळाचं पाणी प्यायले, ज्या लिंबाखाली खाट टाकली, त्यातलं काहीच त्यांचं नव्हतं. सामान टेम्पोत भरल्यावर आजी पुन्हा आत गेली आणि रिकामं घर झाडून आली म्हणे.

मी ज्या कॅम्पसमध्ये काम करतो तिथे कॅन्टीन आहे, जिम आहे, डॉक्टर आहे, रात्री घरी सोडायला कॅब आहे. गळ्यातलं कार्ड दाखवलं की दार उघडतं. आजोबांचा बिल्लाही असंच दार उघडायचा.

फरक एकच. आजीला शेजारच्या चौदा घरांची नावं शेवटपर्यंत पाठ होती. मला माझ्या मजल्यावरची तीनही येत नाहीत.

असो. आज संध्याकाळी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून बघतो.