मानचिन्हातला देवमासा

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, बास्क मुलखात, लेकैतियो नावाचं सुमारे सात हजार वस्तीचं मासेमारीचं गाव आहे. बिस्के प्रांताची सत्ताधारीण मारिया दियास दे आरो हिने 1325 साली त्याला नगराची सनद दिली. गावाच्या मानचिन्हात एक होडी आहे आणि तिच्या भाल्याच्या टप्प्यात देवमासा. जोडीचं लॅटिन ब्रीद सांगतं की या गावाने राजे हरवले, भयंकर देवमासे नमवले, जमिनीवर आणि दर्यावर हुकमत गाजवली. छोट्या गावाचा तोरा मोठा!

असं चित्र मिरवणारं लेकैतियो एकटं नाही. त्याच किनाऱ्यावरच्या ओंदारिबियाच्या 1297 सालच्या मोहोरेतही होडीतले कोळी देवमाशावर तुटून पडलेले दिसतात. गावाच्या दस्तऐवजावर मेणात उठवायची ती मोहोर. पुढे अशीच चित्रं ढालीच्या आकारात बसून मानचिन्हं झाली. वाघ-सिंह घेणं सोपं होतं, पण या कोळ्यांनी आपलं पोट भरणारा प्राणीच घेतला, हे मला फार आवडतं.

आणि पोट खरोखरच त्याच्यावर भरे. हिवाळ्यात हे देवमासे बिस्केच्या उपसागरात येत. कड्यावर टेहळे बसलेले असत. पाण्याचा फवारा दिसला की इशारा होई आणि होड्या सुटत. प्राणी संथ, अंगात चरबी इतकी की मेल्यावरही तरंगे, म्हणजे ओढून आणायला सोयीचा. चरबी वितळवून दिव्यांचं तेल काढत. टाळूला लोंबणाऱ्या लवचीक पट्ट्यांनाही चांगला भाव येई. त्यांचे तीन वाटे करायचे, दोन बंदराच्या दुरुस्तीला आणि एक चर्चच्या बांधकामाला, असं लेकैतियोच्या कोळ्यांच्या संघाने 1381 मध्येच ठरवलं होतं.

पहिला भाला बहुधा पिल्लावर पडे, कारण जखमी पिल्लाला टाकून आई जात नसे. ब्रीदातला ‘भयंकर’ शत्रू तो हाच.

पुढे देवमासे दुर्मीळ झाले. 1878 मध्ये गेतारिया आणि सारौत्स या गावांच्या होड्यांनी मिळून एक मारला आणि त्याच्या मालकीवरून दोन्ही गावं कोर्टात गेली. त्याचा सांगाडा आज सान सेबास्तियनच्या मत्स्यालयात आहे. 14 मे 1901 रोजी ओरियोच्या कोळ्यांनी या किनाऱ्यावरचा शेवटचा देवमासा मारला. या जातीचे चारशेहूनही कमी देवमासे आज उरले आहेत, तेही अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिका-कॅनडाच्या किनाऱ्यालगत.