निवृत्तिवेतनाची दप्तरे आणि गुप्ततेचे वचन

मनुष्याने नऊ गोष्टी जपून गुप्त ठेवाव्या, असे एका संस्कृत सुभाषितात सांगितले आहे. त्या नवांत पहिले स्थान वयाला आणि दुसरे द्रव्याला दिलेले आहे. घरातील उणेदुणे तिसरे. सुभाषितकाराच्या स्वप्नातही निवृत्तिवेतनाची कचेरी आली नसेल. परंतु म्हातारपणी लोकांना पोटापुरते वेतन देऊ पाहणाऱ्या सरकारला त्यांच्यापाशी प्रथम याच दोन गोष्टी विचाराव्या लागतात. वय किती, आणि कमाई किती? जे सांगू नये ते सांगितल्यावाचून वेतनाचा हिशेबच होत नाही. हा पेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३६ साली एकाएकी उभा राहिला. तो कसा सुटला, आणि सुटूनही पुनःपुन्हा कसा डोके वर काढीत राहिला, त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९२९ सालच्या आर्थिक कोसळीने त्या देशातील लक्षावधी वृद्धांची आयुष्यभराची शिल्लक बुडाली. त्यावर उपाय म्हणून १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही केली. उद्योगधंद्यांतील व व्यापारातील नोकरांच्या पगारातून शेकडा एक आणि तितकीच रक्कम मालकाकडून १ जानेवारी १९३७ पासून कापून घ्यावयाची, आणि पासष्टाव्या वर्षानंतर नोकराला दरमहा वेतन द्यावयाचे, अशी ती योजना होती. वेतनाचा आकडा त्या मनुष्याने तोपर्यंत मिळविलेल्या पगाराच्या एकूण बेरजेवर ठरावयाचा होता. साहजिकच सुमारे २ कोटी ६० लाख माणसांची स्वतंत्र खाती उघडून ती आयुष्यभर चालविणे प्राप्त झाले. आपल्याकडे जसे एकेका पेठेत दोन-दोन विष्णु जोशी सापडतात तसे तिकडे जॉन स्मिथ गल्लोगल्ली. तेव्हा नुसत्या नावावर भागणारे नव्हते. प्रत्येकास एक क्रमांक देणे भाग होते.

क्रमांक म्हटल्याबरोबर लोकांच्या मनात पहिला आला तो तुरुंग आणि दुसरे आले ते सैन्य. ओळख पटविण्यासाठी बोटांचे ठसे घ्यावेत काय, याचा विचार सामाजिक सुरक्षितता मंडळाने केला होता. परंतु ठसे हे गुन्हेगारांचे लक्षण, अशी लोकसमजूत असल्यामुळे तो सोडून दिला. एका यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने नाव कोरलेली धातूची पट्टी नमुन्यादाखल करून दाखविली. तीही नाकारून मंडळाने साधे कागदी कार्ड पसंत केले. पण नाकारलेल्या गोष्टीचीच वार्ता अधिक दूरवर गेली.

ते वर्ष अध्यक्षाच्या निवडणुकीचे होते. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार आल्फ्रेड लँडन यांनी २६ सप्टेंबर १९३६ रोजी मिलवॉकी येथील भाषणात या योजनेवर कडाडून हल्ला चढविला. सरकार आता कोट्यवधी लोकांवर पाळत ठेवणार; त्यांचे ठसे आणि छायाचित्रे राजधानीत साठविणार की त्यांच्या गळ्यात ओळखपट्ट्या बांधणार, असा त्यांचा सवाल होता. मंडळाचे अध्यक्ष जॉन वायनंट हे स्वतः रिपब्लिकन पक्षाचे. तथापि या टीकेला मोकळेपणाने उत्तर देता यावे म्हणून त्यांनी आपल्या जागेचा राजीनामा दिला. निवडणुकीच्या तोंडावर हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी गळ्यात बिल्ला अडकविलेल्या माणसाचे चित्र छापले. ३ नोव्हेंबरला मतदान झाले. ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. मेन आणि व्हरमाँट ही दोनच लँडन यांच्या वाट्यास आली.

निवडणूक जिंकली म्हणून भीती गेली असे मात्र नव्हे. बिल्ल्याची आवई खोटी होती; पण कामगाराच्या मनात दुसरी एक भीती होती आणि ती खरी होती. त्या काळी अनेक कारखानदार मजूरसंघात शिरणाऱ्यांवर गुप्तहेर ठेवीत व त्यांची नावे काळ्या यादीत घालीत. १९३६ साली सिनेटर ला फॉलेट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने पुढे हे प्रकार चव्हाट्यावर आणले. आता अर्जाच्या नमुन्यात तर नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव, वर्ण आणि मालकाचे नाव, इतके सारे विचारलेले. एका गावी काळ्या यादीत पडून दुसऱ्या गावी नाव बदलून पोट भरणाऱ्या मजुराने हे काय म्हणून लिहून द्यावे? नोकरीसाठी वय कमी सांगितलेल्या माणसाने खरी जन्मतारीख मालकाच्या हाती कशी ठेवावी?

मंडळाने ही शंका उडवून लावली नाही, हे त्याचे शहाणपण होय. अर्ज मालकाकडेच दिला पाहिजे अशी सक्ती ठेवली नाही. तो मजूरसंघाकडे द्यावा, टपालवाल्याच्या हाती द्यावा, किंवा स्वतः टपालात टाकावा, अशी मोकळीक ठेवली. आणि लिहून दिलेली माहिती गुप्त राहील असे वचन जाहीरपणे दिले. २४ नोव्हेंबर १९३६ पासून देशभरच्या सुमारे ४५,००० टपालकचेऱ्यांतून अर्जवाटप सुरू झाले. १९३७ अखेर साडेतीन कोटींहून अधिक लोकांनी नावे नोंदविली होती. दप्तरे बाल्टिमोरच्या बंदरावरील कँडलर इमारतीत ठेवण्यात आली. कारण एवढ्या कागदांचा व यंत्रांचा भार पेलील अशी मोकळी जागा राजधानीत मिळेना.

वचन दिले खरे. पण ते पाळावयाचे कोणत्या आधाराने? मूळ कायदा याविषयी मुका होता. म्हणून जून १९३७ मध्ये मंडळाने आपला अगदी पहिला नियम केला, तो वेतनाच्या दरासंबंधी नव्हे, तर गुप्ततेसंबंधी. 'नियम क्रमांक १' या नावानेच तो ओळखला जातो. खातेदार स्वतः, कर वसूल करणारे खाते आणि योजनेच्या अंमलबजावणीसाठी ज्यांना माहिती लागे असे अधिकारी, एवढे अपवाद सोडून कोणासही दप्तरातील अक्षर दाखवू नये, असा त्याचा आशय होता. सावकार, वकील, खासगी हेर यांची तर गोष्टच नको. पण न्यायालयाचे समन्स आले तरी कर्मचाऱ्याने या नियमाकडे बोट दाखवून आदरपूर्वक नकार द्यावा, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. १९३९ साली कायद्याची दुरुस्ती झाली तेव्हा या गुप्ततेला कायद्याचे बळ मिळाले. ती मोडणारास १,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवण्यात आल्या. पुढे ३१ जानेवारी १९४० रोजी दरमहा वेतनाची पहिली हुंडी निघाली, ती २२ डॉलर ५४ सेंटची. ती आयडा मे फुलर या बाईंच्या नावे होती. आणि ज्या व्हरमाँटने रूझवेल्टना मत दिले नव्हते, तेथीलच त्या रहिवासी होत्या.

नियम कडक असला तरी माणुसकीस पारखा नव्हता. घर सोडून गेलेल्या मुलाचा ठावठिकाणा एखादी आई विचारू लागली तर कचेरी पत्ता देत नसे. परंतु आईचे पत्र स्वतः पुढे पाठवीत असे. उत्तर देणे न देणे ज्याचे त्याच्या मर्जीवर. ही सोय पुष्कळ वर्षे, थेट २०१४ पर्यंत चालली. गुप्तता आणि दया यांचा मेळ याहून सुरेख रीतीने क्वचितच घातला गेला असेल.

दप्तर असे जपले, पण क्रमांकाचे नशीब निराळे निघाले. १९३८ साली पैशाच्या पाकिटाच्या एका कारखानदाराने नमुन्याचे कार्ड छापून प्रत्येक पाकिटात घातले, आणि त्यावर क्रमांक घातला तो आपल्या चिटणीसबाईंचा, अगदी खराखुरा! पाकिटे विकत घेणाऱ्या अनेकांनी तो आपलाच समजून वापरला. वर्षानुवर्षे मिळून अशांची संख्या ४०,००० वर गेली. पुढे सरकारनेच तोच मोह दाखविला. नोव्हेंबर १९४३ मध्ये इतर सरकारी खात्यांनीही नव्या नोंदींसाठी हाच क्रमांक वापरावा, असा आदेश निघाला. १९४६ साली मंडळाने कार्डावर 'ओळखीसाठी नव्हे' अशी ओळ छापली खरी. पण १९७२ साली ती काढून टाकण्यात आली. १९७४ च्या खासगीपणाच्या कायद्याने सरकारी दप्तरांना नवे कुंपण घातले, तर १९७५ मध्ये मुलांना पोटगी न देणाऱ्या बापांचा शोध घेण्यासाठी त्या कुंपणाला एक दार पाडण्यात आले. या दारामागचा हेतू चांगलाच होता. कुंपणाला पडणाऱ्या बहुतेक दारांची कथा हीच असते.

२०२५ साली हा वाद पुन्हा बाल्टिमोरलाच परतला. खर्चात काटकसर करण्यासाठी नव्याने नेमलेल्या एका सरकारी पथकास ही सारी दप्तरे उघडी करू नयेत, म्हणून मजूरसंघ व निवृत्तांची एक संघटना यांनी तेथील न्यायालयात धाव घेतली. सुमारे नव्वद वर्षे या कचेरीचा कारभार गुप्ततेच्या अपेक्षेवर उभा आहे, असे सांगून न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये मनाई केली. ६ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई स्थगित केली. १९३६ साली ज्यांनी शंका काढली होती त्यांचेच वारस येथे पुन्हा दाराशी उभे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

निवृत्तिवेतनाचा पाया पैशाचा, असे सामान्यतः समजले जाते. पण १९३६ च्या हिवाळ्यात त्या कोट्यवधी मजुरांनी अर्ज भरले तेव्हा सरकारच्या हाती वेतनापैकी एक डॉलरही आलेला नव्हता, आणि त्यांच्याही नाही. उभयतांमध्ये होते ते एक वचन: ज्या कामासाठी सांगशील त्याच कामासाठी ते वापरले जाईल. पैशाची ठेव सव्याज परत करता येते. एकदा फुटलेले गुपित मात्र कोणत्याही खजिन्यातून परत देता येत नाही.